सरावातला अतिरेकी

केमिस्ट्रीच्या सरांना अतिरेकी करायचं ठरलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे हसले. सरही हसले. त्या दिवशी वातावरणच तसं होतं. बारावीच्या प्रॅक्टिकल संपल्या होत्या, पेपर तपासायला अजून वेळ होता आणि कोणीतरी सगळ्यांसाठी दाल पकवान आणलं होतं.

आमचं ज्युनियर कॉलेज उल्हासनगरात एका गल्लीत आहे. एका अंगाला जीन्स शिवणारे कारखाने, दुसऱ्या अंगाला फर्निचरची दुकानं. मी तिथे इतिहास शिकवते. सर आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो आणि दोघंही अंबरनाथचे, म्हणून ओळख लवकर वाढली. लग्नानंतर मी बदलापूरला सोनिवलीकडे राहायला गेले, ते अंबरनाथलाच राहिले. मूळचे रत्नागिरीकडचे मुसलमान. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. वर्गात कोणी ‘पाण्याची फॉर्म्युला’ म्हटलं तर ते आधी लिंग सुधारायचे आणि मग फॉर्म्युला.

मुंबईतल्या शाळांना तेव्हा धमकीचे ईमेल येत होते. अमुक वेळी बॉम्ब फुटेल असं लिहिलेलं असायचं, शाळा रिकामी व्हायची, पोलीस कुत्रा घेऊन यायचे आणि बॉम्ब कुठेच नसायचा. आम्हाला असा मेल कधी आला नव्हता, तरी पालक विचारायला लागले. मग संस्थेने हल्ल्याची मॉक ड्रिल घ्यायला एका खाजगी सिक्युरिटी एजन्सीला बोलावलं. त्यांचा एक कॅप्टन होता. तो खरंच कुठे कॅप्टन होता का, ते कोणी विचारलं नाही. मिशा पिळलेल्या, बूट चकाचक.

“एक अतिरेकी माझा माणूस होईल,” तो म्हणाला. “दुसरा तुमच्या स्टाफमधला पाहिजे. बिल्डिंगचा माहीतगार. रिअल केसमध्ये पण आतला माणूस असतोच.” मग त्याने एकेकाचं नाव विचारायला सुरुवात केली. सरांनी नाव सांगितलं तसा तो थांबला. “अरे वा. दाढी पण आहे. सर, तुम्हीच!”

मी म्हटलं, “मी होते की अतिरेकी. मला सगळी बिल्डिंग माहीत आहे.”

“मॅडम, लेडीज हॉस्टेज बऱ्या दिसतात,” कॅप्टन म्हणाला.

सर मध्येच बोलले. “जाऊ द्या मॅडम. गॅदरिंगच्या नाटकात मला कायम झाडाचंच काम मिळायचं. निदान हा बोलणारा रोल आहे.” सगळे पुन्हा हसले आणि विषय संपला.

जाताना जिन्यात मी त्यांना विचारलं, “तुम्हाला खरंच चालणार आहे?”

“नाही म्हटलं असतं तर तो का नाही म्हणून विचारत बसला असता,” सर म्हणाले. “सगळ्यांसमोर. त्यापेक्षा अर्धा तास बंदूक धरलेली बरी.”

हा विषय मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले आहे. सुरुवात फ्रान्सपासून करते, कारण मुलांना धक्का बसतो. दहशत हा शब्द राजकारणात आला तो सरकारच्याच कारभाराचं नाव म्हणून. माणसं मारणारं सरकार होतं आणि ते चौकात, लोकांसमोर मारायचं. मग रशिया. तिथे एक माणूस बॉम्ब घेऊन रस्त्यात उभा राहिला, बग्गी आली, पण ज्याला मारायचं त्याच्या शेजारी लहान मुलं बसलेली दिसली आणि तो हात खाली करून परत गेला. इथे वर्गातून हमखास प्रश्न येतो, “मग मारलं नाही का मॅडम?” मारलं. काही दिवसांनी, मुलं नसताना. मग मी सांगते की इंग्रज आपल्या क्रांतिकारकांनाही हाच शब्द लावायचे, आणि वर्ग चुळबुळायला लागतो. पुढे विमानं पळवणारे येतात. त्यांना काहीतरी हवं असायचं, कोणाला तरी तुरुंगातून सोडवायचं असायचं, त्यामुळे ओलीस जिवंत ठेवावे लागायचे. आणि मग ते येतात ज्यांना काहीच नको असतं, फक्त जास्तीत जास्त माणसं. बग्गीतली मुलं बघून परत जाणारा माणूस तिथपर्यंत पार नाहीसा झालेला असतो.

हे शिकवताना माझं स्वतःचं आयुष्यही मागे चालू असतं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये मी वाढले. बाबा फॅक्टरीत फिटर. मी प्राथमिक शाळेत असताना ट्रान्झिस्टरमधल्या बॉम्बची भीती आली. कुठे ट्रान्झिस्टर पडलेला दिसला तर हात लावायचा नाही, असं शाळेत सांगायचे. बाजारात एकदा बाकाखाली स्टीलचा डबा दिसला. मी वाकले तेवढ्यात बाबांनी दंड धरून मला असं उचललं की खांदा दुखावला. तो डबा कोणा भाजीवालीचा होता, ती शेजारीच उभी होती आणि बाबांकडे रागाने बघत होती. बाबा आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात जात आले आणि मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते त्या डब्याला.

पुढे मी कॉलेजात असताना शहरात एका दुपारी लागोपाठ बॉम्ब फुटले. तेव्हा बातमी चालत आली, माणसाकडून माणसाकडे, आणि घरी पोचून कडी लावली की बरं वाटलं. नंतर बऱ्याच वर्षांनी समुद्रातून आलेल्या माणसांनी हॉटेलं ताब्यात घेतली. ते आम्ही दिवसेंदिवस टीव्हीवर पाहत राहिलो. बाबा तेव्हा रिटायर झाले होते. ते एकदा म्हणाले, “हे मारायला आलेत का दाखवायला?” मी टीव्ही बंद केला नाही. कोणीच करत नव्हतं.

ड्रिल शनिवारी सकाळी होती. ओलिसांना दुसऱ्या मजल्यावरच्या लायब्ररीत ठेवायचं ठरलं, कारण तिथे सगळ्या खिडक्यांना ग्रिल आहे. खाली पुस्तकं टाकून चोरायची सवय मुलांना होती, म्हणून बसवलेलं. यायला-जायला एकच दार, त्याला सरकतं लोखंडी गेट. आत मी, ऑफिसमधला एक क्लार्क आणि अकरावीची पंधरावीस मुलंमुली.

सर आले ते तोंडाला काळं फडकं बांधून, हातात एनसीसीची लाकडी बंदूक घेऊन. म्हणाले, “कृपया सगळ्यांनी खाली बसून घ्या.” मुलं खो-खो हसली. एजन्सीचा माणूस मात्र रंगात आला होता. त्याने दोनतीन शिव्या हासडल्या, गेट ओढलं आणि आतून कुलूप लावलं. किल्ली ग्रिलमधून खाली टाकायची, खाली कॅप्टन ती उचलणार, त्याची टीम वर येऊन आम्हाला सोडवणार, असं ठरलेलं. किल्ली टाकली. खाली फटाके लागले. धूर झाला. आम्ही वाट पाहत बसलो.

वर पत्रा असल्यामुळे लायब्ररी लवकर तापते. सरांना घाम यायला लागला. त्यांनी फडकं गळ्यात ओढलं, बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली. ते पाणी पीत असताना समोरच्या एका मुलीने मोबाईल काढला आणि म्हणाली, “सर, इकडे बघा ना.” सरांनी बघितलं, बाटली तशीच तोंडाशी. तिने व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपले सर टेररिस्ट’, आणि हसणारे चेहरे.

तिची काहीच चूक नव्हती हे मी नंतर तिच्या आईलाही सांगितलं आणि आजही सांगेन.

कॅप्टनची टीम येईना. खालून आवाज यायला लागला, तो मात्र ड्रिलचा नव्हता. क्लार्क खिडकीशी गेला आणि म्हणाला, “मॅडम, गल्ली भरली.” मी जाऊन पाहिलं. कारखान्यातले कारागीर शिलाई सोडून बाहेर आले होते. दुकानांची शटरं अर्धी खाली. गेटवर वॉचमन आणि कॅप्टन लोकांना मागे ढकलत होते आणि लोक त्यांनाच ढकलत होते. फटाक्यांचा आवाज लोकांनी गोळीबार म्हणून ऐकला होता.

तेवढ्यात एका मुलाचा मोबाईल वाजला, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचेच. जो व्हिडिओ त्या खोलीतून गेला होता, तो परत त्या खोलीत आला होता. मधल्या वेळात कोणीतरी त्यातला पोरांच्या हसण्याचा आवाज काढून टाकला होता. मुलीने लिहिलेली ओळ गेली होती. आता खाली होतं: उल्हासनगरच्या कॉलेजवर हल्ला, मुलं ओलीस, हा बघा चेहरा, पुढे पाठवा. आणि सर, काळं फडकं गळ्यात, बंदूक मांडीवर, सरळ कॅमेऱ्यात बघणारे.

मुलीने मोबाईल सरांपुढे धरला. ती रडत होती. “सर, मी डिलीट केलं. मी लगेच डिलीट केलं.”

“हो गं,” सर म्हणाले. त्यांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा लावला, मग मोबाईल तिच्या हातात परत दिला. “तू रडू नकोस. पाणी पी.”

मी ग्रिलला तोंड लावून ओरडायला लागले. “ड्रिल आहे! खोटं आहे! सगळे ठीक आहोत!” खाली कोणाला काही ऐकू जात नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांचे हात वर झाले, प्रत्येक हातात मोबाईल. मला वाटलं, चला, निदान मी ठीक आहे हे तरी दिसलं. थोड्या वेळाने तोही व्हिडिओ आत आला. ग्रिलमागे मी, केस विस्कटलेले, तोंड वासलेलं. खाली लिहिलं होतं, ओलीस शिक्षिका मदतीसाठी ओरडताना.

मी खिडकीपासून मागे आले आणि जमिनीवर बसले. इतिहास शिकवताना मी मुलांना म्हणायचे की अतिरेक्याला हत्यार लागतं, माणसं लागतात, पैसा लागतो. इथे लाकडाची बंदूक होती आणि दोन ओळी. बाहेर माणसं खरोखरची घाबरली होती, खरोखरची चिडली होती. मी जे करीन ते त्यांच्या भीतीत भर घालणार होतं. ओरडले तर ओलीस, गप्प बसले तर मेलेली.

एजन्सीच्या माणसाने एव्हाना तोंडाचं फडकं सोडून कपाटामागे टाकलं होतं. तो गेट हलवत होता. “किल्ली कुठाय? कॅप्टनला फोन लावा ना कोणीतरी!” मघाशी शिव्या देणारा तोच. प्रिन्सिपल मॅडमचा मला फोन आला. त्या सिंधी, बोलताना हिंदी-मराठी एकत्र येतं त्यांचं, आणि त्या दिवशी तर फारच. “मॅडम, सुनो, किल्ली हरवली. भीडमध्ये कुठे पडली कळत नाही. मैंने पोलीस को सब बता दिया है, ते रस्त्यात आहेत. सरांना खिडकीजवळ बिलकुल जाऊ देऊ नका. लोक बोलतात, त्याला आमच्या हवाली करा.”

सरांना ते ऐकू गेलं. ते पुस्तकांच्या दोन रॅकमधल्या जागेत जाऊन बसले, जिथे खिडकीतून दिसत नाही. बंदूक त्यांनी क्लार्ककडे दिली, क्लार्कने ती घाबरून टेबलाखाली ढकलली. मग सरांच्या बायकोचा फोन आला. मी शेजारीच होते, तिचा आवाज मला ऐकू येत होता. आधी तिने ते कुठे आहेत विचारलं. मग म्हणाली, “बिल्डिंगमधले दाराशी आलेत. विचारतायत, हे तुमचेच ना. मी काय सांगू?”

“सांग, ड्रिल आहे.”

“सांगितलं. ते म्हणतात, असंच सांगतात.”

सर म्हणाले, “कडी लाव. मुलीला क्लासमधून मी आणीन, तिला फोन करून तिथेच थांब म्हणून सांग.” मुलीला ते कसे आणणार होते, त्यांनाही माहीत नव्हतं.

मग आम्ही नुसते बसून राहिलो. किती वेळ, ते मला धड सांगता येणार नाही. मुलं एकमेकांना चिकटून होती. कोणीतरी म्हणालं, सर, तुम्ही दाढी काढा ना, कात्री आहे ड्रॉवरमध्ये. ते पोरगं मनापासून म्हणत होतं. सर हसले आणि म्हणाले, “चेहरा तोच राहील ना रे.”

पोलीस आले तेव्हा शिट्ट्या ऐकू आल्या. त्यांनी कटर आणून कुलूप तोडलं. इन्स्पेक्टर वयस्कर होते, शांत. एका नजरेत त्यांना सगळं कळलं असावं. मुलांना आधी खाली नेलं. मग ते सरांना म्हणाले, “सर, तुम्हाला आमच्या गाडीतून न्यावं लागेल. बाहेर काही खरं नाही. स्टेशनला चहा घ्या, गर्दी पांगली की घरी सोडतो.”

“चालेल.”

इन्स्पेक्टर घुटमळले. “डोक्यावरून काहीतरी घ्या. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.”

मी माझी ओढणी दिली. दोन शिपाई दोन्ही बाजूंनी, मध्ये ओढणी पांघरलेले सर, असे ते जिना उतरले. मागच्या दारापर्यंत दहापंधरा पावलांचाच रस्ता होता, पण तिथेही वरच्या गच्च्यांवर माणसं उभी होती. संध्याकाळपर्यंत तिसरा व्हिडिओ आला. अतिरेकी अटकेत.

कॉलेजने रीतसर खुलासा काढला. पोलिसांनीही सांगितलं की सगळं खोटं आहे, अफवा पसरवू नका. स्थानिक पेपरात आतल्या पानावर बातमी आली. आमच्या गल्लीतल्या लोकांना दोन दिवसांत खरं कळलं. फर्निचरवाल्या एका सिंधी काकांनी तर येऊन सरांचे हात धरून माफी मागितली, कारण तेही ओरडणाऱ्यांत होते. कॅप्टन पुन्हा दिसला नाही.

पण व्हिडिओ आमच्या गल्लीत राहिला नव्हता. पुढच्या महिन्यांत तो वेगवेगळ्या गावांची नावं लावून फिरत राहिला. देशात कुठेही काही घडलं की तो वर यायचा. सर एकदा आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले, तर पंगतीत समोर बसलेला एक माणूस जेवण सोडून त्यांच्याकडे बघत राहिला. ते वाढलेलं ताट तसंच ठेवून निघून आले. मग कॉलेज आणि घर एवढंच उरलं. कॉलेजलाही ते सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे आणि मुलं पांगल्यावर रिक्षा पकडायचे.

त्यांच्या बिल्डिंगमध्ये कोणी वाईट बोललं नाही. फक्त बोलणंच कमी झालं. म्हणून मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे सोनिवलीला नवे टॉवर झालेत, कोणी कोणाला ओळखत नाही, भाड्याने एक फ्लॅट रिकामा आहे, बघून तर जा. ते दोघं रविवारी आले. घरमालक चामटोलीचा, शेतजमिनीवर टॉवर झाल्यावर त्याच्या वाट्याला हे फ्लॅट आलेले. बोलायला मोकळा माणूस. पाण्याची टाकी दाखवली, गॅलरीतून डोंगर दाखवला. सरांच्या बायकोला स्वयंपाकघर आवडलं. ती बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलत होती, ओटा केवढा, खिडकी कुठल्या दिशेला.

मालक सरांना म्हणाला, “तुम्हाना कुठं तरी बघितलंय वाटतं.”

“टीचर आहे मी,” सर म्हणाले. “उल्हासनगरला. तिकडे बघितलं असेल.”

“आसंल,” मालक म्हणाला. पण तो बघतच राहिला. सरांची बायको बोलायची थांबली. तिने ओढणी सारखी केली आणि दाराकडे चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी मालकाचा मला फोन आला. फ्लॅट पुतण्याला द्यायचाय म्हणाला. तो फ्लॅट पुढे बरेच महिने रिकामाच होता. येताजाता त्याच्या नव्या खिडक्यांची, कोणी न काढलेली पिवळी टेप मला दिसायची.

आता या गोष्टीला दीडदोन वर्षं होत आली. सर कॉलेजला येतात, शिकवतात, पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. मागच्या महिन्यात लांबच्या कुठल्या राज्यात हल्ला झाला, माणसं मेली. संध्याकाळी सरांच्या मुलीचा मला फोन आला. “काकू, पप्पा दुपारपासून आतल्या खोलीत आहेत. जेवले पण नाहीत. तुम्ही येता का?”

मी रिक्षाने अंबरनाथला गेले. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सर पलंगावर बसले होते, खिडकीचा पडदा ओढलेला, मोबाईल बंद करून बाजूला ठेवलेला. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, “पुन्हा आलाय का तो व्हिडिओ?”

“बघितला नाही. पण आला असणार.” मग म्हणाले, “मॅडम, मेलेल्या माणसांबद्दल मला धड वाईटसुद्धा वाटून घेता येत नाही. बातमी कळली की पहिल्यांदा मनात हेच येतं, आता तो बाहेर पडणार. आणि तो फिरत असेपर्यंत मला घरात बसावं लागणार.”

त्यांची बायको चहा घेऊन आली, मुलगी दाराशी उभी राहिली. बाहेर जिन्यात कोणाची तरी पावलं वर येत होती. सरांच्या मजल्यावर थांबली नाहीत, पुढे गेली. तोपर्यंत आम्हा चौघांतलं कोणीच कपाला हात लावला नव्हता.